वडील हयात आहेत का?

मोहोपाड्याच्या बाजारात फॉर्म भरून देणारं एक झेरॉक्सचं दुकान आहे. जुलै-ऑगस्टात संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. कंपनीची पाळी सुटली की आया येतात, क्लास सुटला की पोरं येतात, आणि दोन कॉम्प्युटरांवर महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचं गोल चक्र फिरत राहतं. शेजाऱ्यांच्या मुलाच्या अर्जासाठी मी एका पावसाळ्यात तिथे ताटकळत बसलो होतो. माझ्यापुढे पाताळगंगा एमआयडीसीत पॅकिंगला कंत्राटावर जाणारी एक बाई होती आणि तिची इंजिनीअरिंगला नंबर लागलेली मुलगी. नाव, आधार, बँक, पत्ता असं करत दुकानातला पोरगा पालकांच्या रकान्यापाशी आला आणि स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "पप्पा हयात आहेत?"

मुलगी आईकडे बघायला लागली. आई म्हणाली, "हायेत. पण आमच्यात नाय."

"काकी, हो का नाही तेवढं सांगा. तिसरं काय नाय इथं." मग आवाज जरा खाली आणून, "नाही करू का? पटकन पुढं जाईल."

"नाही केलं तर मयताचा दाखला मागंल," मुलगी म्हणाली. तिने घरी सगळं वाचून ठेवलेलं होतं.

आईवडील वेगळे झालेल्या मुलांना कॉलेजसाठी सरकारी मदत मिळते का, या प्रश्नाचं कागदावरचं उत्तर सोपं आहे: मिळते. कुठल्याच योजनेत त्यांना मज्जाव नाही. पण अर्जाला दोनच प्रकारचे वडील ठाऊक आहेत, हयात आणि मयत. हयात म्हटलं की त्यांचं उत्पन्न आलं, कागद आले, कुठे कुठे सहीही आली. मयत म्हटलं की मृत्यूचा दाखला आला. बाप आहे पण घरात नाही, ही तिसरी अवस्था अर्जात कुठेच बसत नाही आणि प्रत्येक टेबलावर नव्याने समजावून सांगावी लागते.

आधी पैशाचं बोलू. खासगी इंजिनीअरिंगची वर्षाची फी लाखाच्या आगेमागे असते. खुल्या आणि आर्थिक दुर्बल (ईडब्ल्यूएस) गटातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. लोक तिला अजून 'ईबीसी'च म्हणतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर मुलग्याची निम्मी शिक्षण फी सरकार भरतं. मुलींचं गणित २०२४ मध्ये पार बदललं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची मर्यादा अडीच लाख. शिवाय वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. मदत थोडीथोडकी नाही. उत्पन्नाच्या एका आकड्यावर चार वर्षांत चार-साडेचार लाखांचा फरक पडू शकतो.

आणि तो आकडा कोणाचा, हीच तर गोम आहे. ईडब्ल्यूएससाठी केंद्राने ३१ जानेवारी २०१९ ला जी कुटुंबाची व्याख्या केली, तिच्यात लाभ घेणारी व्यक्ती, तिचे आईवडील, १८ वर्षांखालची भावंडं, जोडीदार आणि १८ खालची मुलं येतात. आईवडील वेगळे झाले असतील तर काय, याबद्दल व्याख्या गप्प आहे. 'आईवडील' हा आपल्याकडे जोडशब्द आहे आणि नियम लिहिणाऱ्याने तो जोडूनच ठेवला.

रसायनीत, म्हणजे मोहोपाड्याच्या या पट्ट्यात, हा आकडा विशेष बोचतो, त्याला कारण आहे. ही वस्तीच पगारावर उभी राहिली. १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, एचओसीची कॉलनी झाली, पुढे पाताळगंगेच्या काठाने एमआयडीसी पसरली. २०१७ मध्ये केंद्राने एचओसीचे इथले तोट्यातले कारखाने बंद करायचं ठरवलं. रॉकेटला लागणाऱ्या डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्लँट तेवढा इस्रोकडे गेला. कायम नोकरी दुर्मीळ झाली आणि कंत्राट वाढलं. त्यामुळे इथे अशी घरं असतात की बाप जुन्या कंपनीत कायम, आणि आई हल्ली हल्ली कंत्राटावर लागलेली. घर मोडलं की मुलं बहुतेक आईबरोबर जातात, म्हणजे कंत्राटी पगाराबरोबर. समजा बापाला वर्षाला ९ लाख मिळतात आणि आईला महिन्याला १२ हजार. दोघांची बेरीज धरली तर मुलगी ८ लाखांच्या बाहेर, एक रुपयाची सवलत नाही. आईचंच धरलं तर उत्पन्न १ लाख ४४ हजार, पूर्ण फी माफ. मुलगी तीच, तिची खोली तीच, संध्याकाळचं कालवणही तेच.

हा निवाडा प्रत्यक्षात कोण करतं? मंत्रालय नाही, कॉलेजही नाही. तो होतो तलाठ्याच्या चौकशी अहवालात. तलाठ्याला २०२४ पासून 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं ठरलंय, पण गावात अजून तलाठीच. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूत अर्ज करायचा, कुटुंबात कोण कोण आणि कोणाचं उत्पन्न किती ते स्वयंघोषणापत्रात लिहायचं, तलाठ्याचा अहवाल जोडायचा, आणि तहसीलदारांच्या सहीचा दाखला घ्यायचा. रसायनीच्या माणसाने त्यासाठी दांड फाट्यावरून चौक आणि पुढे खालापूर गाठायचं. इंजिनीअरिंगचं कॉलेज एचओसी कॉलनीच्या आवारात, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दाखला मात्र तालुक्याला. त्यातून एका वर्षाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणजे ही वारी दरवर्षीची.

तलाठी काय बघतो? रेशनकार्ड बघतो. आणि घटस्फोटित बाईचं रेशनकार्ड हे एक वेगळंच प्रकरण असतं. सासरच्या कार्डातून नाव कमी करून घ्यायला सासरचं कार्ड हातात लागतं, ते कोण देणार? म्हणून बाई आणि मुलं कुठल्याच कार्डात नसतात, किंवा आजोळच्या कार्डात आजोबांच्या नावाखाली असतात. मग आणखी एक पेच: कुटुंब आजोबांचं धरायचं का? मामा कमावता असेल तर त्याचं उत्पन्न? माझं मत विचाराल तर या सगळ्या प्रवासात पहिलं काम वेगळं रेशनकार्ड काढण्याचं. ते दहावीच्या सुट्टीत करावं, बारावीच्या निकालानंतर नाही. प्रवेशाचे कॅप राउंड चालू झाल्यावर कार्डामागे धावणं म्हणजे लग्नाच्या मांडवात हळद दळायला बसणं.

कोर्टाचा हुकूमनामा हातात असेल आणि त्यात मुलाचा ताबा आईकडे दिलेला असेल, तर निभावतं. हुकूमनाम्याची साक्षांकित प्रत, आईचं स्वयंघोषणापत्र, आईच्या पगाराचा कागद यांवर सहसा आईपुरत्या उत्पन्नाचा दाखला मिळतो. दाखल्याचं वजन मोठं असतं, कारण कॉलेजातला क्लार्क तहसीलदारांच्या सहीवर फारसा वाद घालत नाही. तरीही मी पाहिलंय की एखाद्या ठिकाणी 'वडिलांचाही आणा' म्हणून अर्ज मागे पाठवतात. महाडीबीटीच्या भाषेत त्याला 'सेंड बॅक' म्हणतात. अशा वेळी तोंडी हुज्जत घालण्यापेक्षा हुकूमनाम्याच्या ज्या परिच्छेदात ताबा आणि पोटगी लिहिली आहे तिथे खूण करून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच मागितली की बरीच टेबलं मऊ होतात.

घटस्फोटाचा अर्ज कोर्टात पडून असेल तर परिस्थिती अवघड. पनवेल, अलिबागच्या तारखा चालू आहेत, मुलगी आईजवळ आहे, बाप एक पैसा देत नाही, पण कायद्याने लग्न अजून शाबूत. आणि सगळ्यात अवघड त्यांचं, ज्यांच्याकडे कागदच नाही. आपल्याकडे अशाच घरांची संख्या मोठी. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसं सुमारे १३ लाख ६० हजार होती. नुसती वेगळी राहणारी जवळजवळ त्याच्या तिप्पट. म्हणजे मोडलेल्या संसारांपैकी बहुसंख्य कोर्टाची पायरी न चढताच मोडले. घटस्फोट हा शब्द अर्जातला. लोकांच्या तोंडी फारकत आहे, सोडचिठ्ठी आहे, काडीमोड आहे, आणि बाईच्या वाट्याला येतं ते 'टाकलेली'.

काडीमोड हा शब्द जुन्या पद्धतीची आठवण आहे. जातीच्या चार शहाण्यांसमोर काडी मोडली की संबंध संपला. आज ही गोष्ट हास्यास्पद वाटेल, पण कायद्याने ती मोडीत काढलेली नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २९ रूढीने चालत आलेला घटस्फोट मान्य ठेवतं, आणि कलम २ प्रमाणे तो कायदा अनुसूचित जमातींना, केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय, लागूच नाही. खालापूर-कर्जतच्या डोंगरउतारावर ठाकर आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तिथे वीटभट्टीच्या हंगामात माणूस एकीकडे गेला आणि दुसरं घर केलं, तर पंचांपुढे जे ठरलं तेच ठरलं. हे कायदेशीर आहे, फक्त कागदावर नाही. मोहल्ल्यात निदान काझींकडून झालेला खुलानामा किंवा तलाकनामा तरी असतो. वाडीवरच्या पोरीला हुकूमनामा आण म्हणून सांगणं म्हणजे जे कोर्टात कधी गेलंच नाही त्याचा निकाल मागणं.

'परित्यक्ता' हा शब्द सरकारी कागदांत दिसायला लागला त्यामागे बायकांची लढाई आहे. १९८८ मध्ये संगमनेरला अ‍ॅड. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी परित्यक्तांची परिषद भरवली, मोर्चे काढले, आणि विधवा नाही, घटस्फोटिता नाही अशी ही तिसरी बाई सरकारला मोजायला लावली. आज तिचं नाव योजनांत असतं. नसतं ते तिच्या मुलाच्या अर्जात.

गंमत अशी की हीच शासनव्यवस्था दुसऱ्या टेबलांवर ही अवस्था व्यवस्थित ओळखते. संजय गांधी निराधार योजनेच्या पात्रतेत 'घटस्फोट प्रक्रियेतील' आणि 'घटस्फोट झालेल्या परंतु पोटगी न मिळालेल्या' बायका असे शब्द आहेत. ही योजना तहसील कार्यालयातच चालते, म्हणजे उत्पन्नाचा दाखला जिथून निघतो तिथेच. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के प्रवेशात, पहिलीच्या पोरासाठी, एकल पालकाची कागदपत्रं सविस्तर सांगितली आहेत: घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा निर्णय आणि आईचा रहिवास-उत्पन्न दाखला, प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर तसं असल्याचा पुरावा, विधवा असेल तर पतीच्या मृत्यूचं प्रमाणपत्र. तिन्ही अवस्था, तीन ओळींत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना एक पालक असलेल्या मुलाला महिना २२५० रुपये देते आणि त्यात घटस्फोटितांची मुलंही येतात. पण ती १८ व्या वर्षी संपते. लाडकी बहीण योजनेने २०२४ मध्ये घटस्फोटित आणि परित्यक्ता हे शब्द पात्रतेतच घातले. पुढे ई-केवायसीला पती किंवा वडिलांचं आधार मागितलं तेव्हा ज्यांना दोन्ही नाहीत अशा बायकांचा गोंधळ उडाला आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय काढावी लागली. म्हणजे बोंब झाली की सोय निघते. सहा वर्षांच्या पोराच्या बाबतीत सरकारला जे सुचलं ते अठरा वर्षांच्या पोराच्या बाबतीत तितक्या स्पष्ट शब्दांत सुचलेलं नाही. याचं कारण मला एकच दिसतं: शिष्यवृत्तीचा अर्ज विद्यार्थ्याचा असतो, आणि बाई तिथे नुसती 'आईचे नाव' या रकान्यापुरती असते.

आता बापाकडे वळू. त्याचं उत्पन्न मोजायचंच असेल तर त्याने द्यायलाही हवं, हे कोणालाही पटेल. कायदा मात्र १८ व्या वाढदिवसाला हात आखडता घेतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे जुनं १२५, सज्ञान मुलाला पोटगी देत नाही. शारीरिक-मानसिक असमर्थता असेल तरच. १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याचं कलम २० अविवाहित मुलीला, तिचं ती भागवू शकत नसेल तर, १८ नंतरही हक्क देतं, आणि त्या कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येतच शिक्षण आहे. अभिलाषा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये हा फरक नीट मांडला. म्हणजे मुलीला दार आहे. मुलगा बारावी पास होतो आणि त्याच सुमारास कायद्याच्या लेखी स्वतःच्या पायावर उभा राहतो. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रकरणात मुलगा अठराचा झाला म्हणून आईवरचा खर्च संपत नाही असं सांगून त्याची पदवी होईपर्यंत आईला रक्कम मंजूर केली, पण तो निकाल, सरसकट नियम नव्हे.

दोन निकाल मात्र मोहोपाड्यातल्या कुठल्याही आईने वकिलाला विचारावेत असे आहेत. एक आपल्याच महाराष्ट्रातून, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेला रजनेश विरुद्ध नेहा, ४ नोव्हेंबर २०२०. त्यात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं, आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे बापाने, आई पुरेशी कमावत असेल तर प्रमाणात दोघांनी करावा असं म्हटलं. बापाचा पगार शोधत फिरणाऱ्या बाईच्या दृष्टीने ते शपथपत्र मोठीच गोष्ट. दुसरा जानेवारी २०२५ चा. आईवडील २६ वर्षं वेगळे राहिलेले, मुलगी आयर्लंडला शिकणारी. बापाने शिक्षणासाठी दिलेले ४३ लाख ती स्वाभिमानाने परत करू बघत होती. न्यायालयाने सांगितलं की शिक्षणाचा खर्च आईवडिलांकडून मिळवणं हा मुलीचा कायद्याने वसूल करता येणारा हक्क आहे, पैसे ठेवून घे. इतका पैसेवाला आणि देणारा बाप आपल्या तालुक्यात किती जणींच्या नशिबात, हा भाग निराळा.

परस्पर संमतीने घटस्फोट घेताना लिहिल्या जाणाऱ्या कन्सेंट टर्म्समध्ये पोटगी, दागिने, फ्लॅट यांची ओळ न ओळ असते आणि मुलांबद्दल 'ताबा आईकडे, बापाला महिन्यातून दोनदा भेट' एवढंच. मूल तेव्हा पाच वर्षांचं असतं, कॉलेज कोणाच्या डोक्यात येत नाही. तिथेच एक वाक्य हवं: पदवी पूर्ण होईपर्यंतची फी कोणी किती भरायची, आणि शिष्यवृत्ती, जात पडताळणी, कर्ज यांसाठी लागणारे कागद बापाने मागितल्यापासून किती दिवसांत द्यायचे. त्यातलं दुसरं कलम पहिल्याइतकंच मोलाचं आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.

जात पडताळणी म्हटलं आणि खरा काटा आला. उत्पन्नात बापाला वगळता येतं, जातीत येत नाही. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र वडिलांकडच्या नात्याने सिद्ध करायचं असतं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. तो कुठे असतो? सासऱ्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यात, आणि तो दाखला दिराच्या पेटीत. जिने उंबरा ओलांडून पंधरा वर्षं झाली त्या बाईने त्या घरी जाऊन पेटी उघडा म्हणून सांगायचं. कातकरी पोरांच्या बाबतीत तर उलटंच चित्र: दोघांचं मिळून उत्पन्न धरलं तरी अडीच लाखांच्या कितीतरी खाली असतं, तेव्हा मिळकतीचा प्रश्नच येत नाही; गाडी अडते ती बाप कुठल्या भट्टीवर आहे ते माहीत नाही इथे.

यावर वाट आहे, पण थोड्यांनाच ठाऊक असते. शाळेचा दाखला दिराकडून मागायची गरज नाही. सासऱ्यांच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा घेता येतो. तहसीलच्या अभिलेखातून जन्म-मृत्यू नोंदीचा जुना गाव नमुना १४ काढता येतो. चुलत्याच्या मुलांपैकी कोणाची पडताळणी झाली असेल तर ते प्रमाणपत्र सोन्यासारखं. आणि मूल आईच्या जातीत, आईच्या समाजात, तिथलेच चटके सोसत वाढलं असेल, तर बापाचीच जात लागते हे गृहीतक पुराव्याने खोडता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रमेशभाई नायका खटल्यात म्हटलं आहे. मात्र ती वाट लांबची. प्रवेशाच्या तारखा तेवढी वाट बघत नाहीत.

कर्जाबद्दल लोक उगीच घाबरतात. शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार पालक लागतो, बापच लागतो असं नाही, आई चालते. चार लाखांपर्यंत तारण नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांमधल्या, ८ लाखांखालच्या घरातल्या विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट आहे. इथे आईने एकच बघावं: संसार चालू असताना नवऱ्याच्या कर्जावर आपली सही होती का? त्याने हप्ते थकवले असतील तर तिचं सिबिल बिघडलेलं असतं, आणि ते तिला बँकेच्या काउंटरवरच कळतं.

अमेरिकेत शिकणारी-राहणारी आपली माणसं याच प्रश्नाला दुसऱ्या टोकाने भिडतात, म्हणून तिकडे जरा डोकावतो. तिथल्या केंद्रीय मदतीच्या अर्जाला, फाफ्सा म्हणतात त्याला, आईवडील वेगळे असण्याचं काही वाटत नाही. त्यात सरळ नियमच आहे: आईवडील वेगळे राहत असतील तर एकाचंच उत्पन्न धरायचं. पूर्वी मूल वर्षात जास्त दिवस ज्याच्याकडे राहिलं त्याचं धरत. २०२४-२५ पासून मागच्या १२ महिन्यांत ज्याने जास्त आर्थिक भार उचलला त्याचं धरतात. त्या पालकाने पुन्हा लग्न केलं असेल तर सावत्र पालकाचं उत्पन्नही जोडतात. न्यू जर्सीतल्या एखाद्या आईला हा बदल चटका देऊन जातो, कारण मूल तिच्याकडे राहूनही जास्त पैसे बाप पाठवत असेल तर अर्ज आता बापाच्या पगारावर. बरीच खासगी कॉलेजं त्याशिवाय सीएसएस प्रोफाइल भरायला लावतात आणि त्यात दुसऱ्या पालकाचाही हिशेब मागतात. पण तो पालक संपर्कातच नसेल तर तसं सांगून सूट मागायचा छापील अर्ज आहे, आणि शाळेतल्या समुपदेशकासारख्या तिऱ्हाईताचं पत्र जोडता येतं. मला त्या पद्धतीतलं हेवा वाटण्यासारखं एवढंच वाटतं. त्यांनी बापाला माफ केलेलं नाही, पण बाप हरवू शकतो हे मान्य केलंय.

आपल्याकडे तिऱ्हाईताचं पत्र म्हणजे पंचनामा. कागद नसलेल्या घरांसाठी आज व्यवहारात चालतं ते हेच: बाप इतक्या वर्षांपासून सोबत राहत नाही, पोसत नाही, असं आईचं प्रतिज्ञापत्र, शेजारच्या पंचांचे जबाब, आणि तलाठ्याने त्यावर लिहिलेलं 'स्थानिक चौकशीअंती'. असल्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्री बावनकुळे यांनी पाचशेच्या स्टॅम्पची गरज नसल्याचं पुन्हा जाहीर केलं. तरी दाराबाहेरचा कोणी ना कोणी स्टॅम्प आणायला सांगतोच. पंचनाम्याची अडचण अशी की तो तलाठ्याच्या मर्जीवर आणि गावातल्या वजनावर चालतो. बाप गावातला मातब्बर असेल तर पंच मिळत नाहीत. भाड्याने राहणाऱ्या बाईला मुळात ओळखणारे चार जण गोळा करणंच कठीण.

आणखी एक बारीक गाठ आहे ती जाता जाता सांगतो. ईबीसीचा लाभ एका कुटुंबातल्या दोनच मुलांना, आणि तसं हमीपत्र द्यावं लागतं. बापाने दुसरं लग्न केलं, तिकडे दोन मुलं झाली, त्यांनीही अर्ज केला, तर कुटुंब कोणतं आणि दोन कोण? याचं उत्तर मला आजवर कोणी खात्रीने दिलेलं नाही. जो आधी अर्ज करील तो पहिला, असं एका क्लार्कने हसत सांगितलं होतं.

हे सुटायला मोठ्या कायद्याची गरज आहे असं मला वाटत नाही. पहिलीच्या प्रवेशाला जे तीन ओळींत लिहिलंय ते शिष्यवृत्तीच्या निर्णयात उतरवून घ्यायचं, आणि 'हो' व 'नाही' यांच्याखाली एक तिसरा गोल काढायचा. संजय गांधी योजनेत आईचं नाव असेल तर तोच पुरावा मुलाला चालावा. एका कार्यालयाने मान्य केलेली गोष्ट त्याच कार्यालयाने पुन्हा का तपासावी? गैरफायदा घेतला जाईल, खोटे घटस्फोट होतील, अशी शंका काढतात. होतीलही थोडे. पण पाच वर्षं तारखा घालून कोणी फीच्या सवलतीसाठी संसार मोडल्याचं नाटक करील, यावर माझा विश्वास बसत नाही.

त्या संध्याकाळी दुकानातल्या पोराने अखेर 'हो'वर क्लिक केलं. पुढचा रकाना वडिलांच्या व्यवसायाचा आला. "काय लिहू?" आई जराशी थांबली. "कंपनीत लिव. आधी होता तसं." उत्पन्नाचा दाखला तिच्या एकटीच्या नावाचा होता, तलाठ्याला तीनदा भेटून, दोन शेजारणी आणि वाडीचा एक म्हातारा उभा करून मिळवलेला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने पंचनामा काढला, घडी उलगडली, कडेला पावसाचं पाणी लागलं होतं ते पदराने टिपलं आणि पोराला म्हणाली, "दादा, याच्या पाच झेरॉक्स काढ. चार वर्षं लागंल. एक जादा राहू दे."